पडदेवालीचं वजन

मित्रांनो, जरा पुढं सरका. माझा आवाज गंजलाय, लांबून ऐकू यायचा नाही. एक गोष्ट सांगतो. ऐकून डोळे ओले झाले तर होऊ द्या, मी हसणार नाही.

मी एक जुना वजनकाटा आहे. धान्याचा नव्हे हां, माणसांचा. खाली लोखंडी पाटा, मधे उंच खांब, वर दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन. मला घडवणारा कारागीर भारी खवट होता. दांडी केसभर कलली तरी शिव्या घालायचा. म्हणायचा, "अरे, तुझ्यावर माणसं उभी राहणार आहेत, बटाटे नाहीत!"

मला ठेवलं एका दवाखान्यात, जिन्याशेजारच्या खोलीत. तिथं एचआयव्हीची लागण झालेली माणसं औषधाला यायची. हा आजार गोळ्यांनी आवरतो, पण गोळ्या रोज घ्याव्या लागतात. आणि रिकाम्या पोटात ती गोळी ठरत नाही, उलटून पडते. म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक संशोधन काढलं. गोळ्यांबरोबर रोज एक पौष्टिक पाकीट द्यायचं, त्यात शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर घोटून घातलेलं. त्यानं माणूस लवकर अंग धरतो का, ते बघायचं. आता अंग धरलं की नाही हे सांगणार कोण? मीच की!

काय मान होता माझा तेव्हा! सिस्टर सकाळी मला पुसायची आणि म्हणायची, "हा आमचा जावई. हा रुसला तर सगळं संशोधन बसलं."

नियम दोन होते. पाकीट ज्याचं त्यानंच खायचं. वाटून खाताना सापडला, तर नाव कमी. आणि ज्याचं वजन ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं, त्याची पाकिटं बंद करून दुसऱ्या अशक्त माणसाला द्यायची. नियम चांगल्या मनानं केले होते, मित्रांनो. खोट काढायला मला आजही जमत नाही.

तिथं एक बाई यायची. पडदे शिवायची, म्हणून सगळे तिला पडदेवाली म्हणायचे. नवरा वारलेला. सोबत धाकटी बहीण आणि एक छोटी लेक. लेकीला आजार नव्हता. तिला भूक होती.

पाकीट हातात पडलं की पडदेवाली माझ्यामागच्या कोपऱ्यात जायची, दातानं टोक फाडायची आणि लेकीच्या तोंडाशी धरायची.

"आई, तू?"

"मला गोड नाही गं आवडत. चाट लवकर, तोंड पूस."

बहीण बाहेरून यायची. "ताई, खाल्लंस?"

"खाल्लं की."

"मग गाल कुठं गेले तुझे? पडद्यात शिवलेस का?"

दोघी हसायच्या. आणि माझी दांडी दर खेपेला थोडी खाली यायची.

सिस्टर एकदा म्हणाली, "पडदेवाली, वजन चढत नाही बाई तुझं. पुढच्या वेळी असंच राहिलं तर घरी येऊन बघावं लागेल."

पडदेवालीचा चेहरा उतरला. लेकीचा हात तिनं घट्ट धरला.

पुढच्या खेपेला ती पाट्यावर चढली, तेव्हा तिच्या घागऱ्याच्या घेराची कड माझ्या लोखंडाला लागली. टक्क! मी ओळखलं. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालतात, तेच होते. पण बोलू कसा? मला दांडी आहे, जीभ नाही.

थोडे घातले असते तर निभावलं असतं. पण हात पडला पडदे शिवणाऱ्याचा. एका बाजूला शिसं घातलं की कापड तिरकं पडतं, ते तिला बघवायचं नाही. तिनं अख्ख्या घेराला सारखं शिसं भरलं. माझी दांडी खूण ओलांडून गेली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "शाब्बास! बघा सगळ्यांनी, हिनं कसं अंग धरलं!" टाळ्या पडल्या. मग त्या हसत म्हणाल्या, "आता तुला पाकिटाची गरज नाही गं. तुझं दुसऱ्या कुणाला देऊ."

पडदेवाली उभीच राहिली.  लेक तिच्या घेराला लोंबकळून विचारत होती, "आई, पाकीट कधी मिळणार?"

त्यानंतर ती आली ती बहिणीच्या खांद्यावर. तापानं फणफणलेली. सलाईनमधलं औषध वजन बघून द्यायचं होतं, म्हणून दवाखान्याचा झगा घालून तिला बहिणीनं आणि सिस्टरनं धरून माझ्यावर उभं केलं. मित्रांनो, चिमणी बसावी तशी वाटली मला.

डॉक्टरीणबाई दांडीकडं बघून ओरडल्या, "हा काटा बिघडलाय! इतका फरक पडेलच कसा?"

दुसरा काटा आणला. त्यानंही तेच सांगितलं.

औषध दिलं, पण अंगात काही उरलंच नव्हतं. उजाडताना ती गेली.

बहिणीनं तिच्या कपड्यांची घडी करायला घेतली. घेर जड लागला म्हणून शिवण उसवली. शिसं माझ्या पाट्यावर खडखडत पडलं. डॉक्टरीणबाई खाली फरशीवरच बसल्या. "मला सांगायचं ना गं तिनं..."

"काय सांगणार, बाई?" बहीण म्हणाली. "तिनं काय खाल्लं ते तुम्ही दर खेपेला विचारलंत. लेक काय खाते, ते विचारलंत कधी?"

 लेक शिशाचे तुकडे गोळा करत होती. तिला वाटलं, आईला शिवायला लागतील.

मी आता जिन्याखाली असतो. नवा काटा आलाय, त्याच्यावर लाल आकडे उमटतात. माझ्यावर जुन्या चादरी ठेवतात. त्याचं मला काही नाही. माझं एवढंच ऐका, मित्रांनो. कुणा आजारी आईला खायला द्याल, तेव्हा तिच्या लेकराला वेगळं द्या. आणि तिचा घास तिच्या पोटात जाईपर्यंत जरा तिच्याशेजारी बसा.