मानेवरचा आठ

मी एक जुनी मोटारसायकल बोलतेय. गाडीचा आवाज इंजिनातून येतो असं लोकांना वाटतं, पण माझं आजचं बोलणं मानेतून आहे. हँडल जिथे सांगाड्यात बसतं, तिथे उजव्या अंगाला कारखान्यातल्या एका माणसाने माझा चासी नंबर ठोकला. एका आकड्याला एक घाव. शेवटचे चार आकडे चार, एक, सहा, आठ. टाकी बदलते, चाकं बदलतात, रंग तर किती बदलले त्याचा हिशोब नाही. मानेवरचा नंबर मात्र राहतो. मी कोण, हे तोच सांगतो. निदान सांगायला हवं.

माझे पहिले मालक तारवाले. टेलिफोनच्या तारा जोडणं हे त्यांचं काम. शिडी माझ्या अंगाला बांधून आम्ही खांबाखांबाला थांबायचो. शिसं आणि कथिल वितळवून जोड पक्का करतात, त्याला डाख देणं म्हणतात. तारवाल्यांना ती खोडच होती. चहाच्या गाळण्याला डाख, छत्रीच्या काडीला डाख.

"एक दिवस माझ्या तोंडाला डाख द्याल," त्यांची बायको म्हणायची.

"केव्हापासून कथिल शोधतोय," ते म्हणायचे.

त्यांची मुलगी आठ वर्षांची होती. बाप माझ्यापुढे बसला की ही शेजारी उकिडवी बसून पाने हातात द्यायची आणि वर "बाबा, तो नट उलटा फिरवताय" असं सांगायची. म्हणून तिचं नाव पडलं फोरमन.

माझा भोंगा तेव्हा मधेच आपोआप वाजायचा. तारवाल्यांनी मानेवरचा रंग खरवडून तिथे एक वेगळी तार डाख देऊन जोडायला घेतली. फोरमन बॅटरीचा उजेड धरून होती. ऐन वेळी ती शिंकली. बॅटरी हलली, हात हलला आणि डाखाचा एक थेंब घसरून माझ्या शेवटच्या आकड्यावर आला.

"शिंकलीस का, फोरमन? आता भोंगाही शिंकणार," ते हसून म्हणाले आणि कामाला लागले.

थेंब कुणी पाहिला नाही. इंग्रजी आठाची डावी बाजू त्याने भरून टाकली होती. पुढे ती तार निघाली, वरून रंग बसला, आणि ती गोष्ट फक्त मला माहीत राहिली.

पुढे बरीच वर्षं बरी गेली. मग एका सकाळी तारवाले खांबावरून पडले. तीन महिने दवाखान्यात होते. फोरमन तोवर मोठी झाली होती, तिचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा पुन्हा गाडीवर बसले तर, या धास्तीने तिने त्यांना न विचारता मला एका रोपवाटिकावाल्याला देऊन टाकलं. गाडीचं पुस्तक तेवढं बाबांच्या कपाटात राहिलं.

घरी परतल्यावर तारवाल्यांनी दारातली रिकामी जागा पाहिली. ते तसेच आत गेले, हे मला नंतर फोरमनच्याच तोंडून कळलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी मुलीला विचारलं, "तुम्ही घेतलात का?"

तुम्ही. पोटच्या मुलीला. बाप रागावला तर एखादी मुलगी रडून मोकळी होते. आदराने वागवलं तर तिने काय करायचं? अकरा वर्षं ते तिला तुम्ही म्हणत राहिले. फोरमन हा शब्द तर घरातून गेलाच.

रोपवाटिकेत माझ्याच जातीची आणखी एक होती. आम्ही दोघी कुंड्या ओढायचो. तिथल्या माळ्याने फाटकाचा उरलेला हिरवा रंग आम्हा दोघींना जाड ब्रशने फासला. दोघींची इंजिनं तर त्याने चारदा अदलाबदल केली. मग एक दिवस दोघींची रवानगी भंगारात झाली. शनिवारी तिला कापलं. मी शेजारीच होते. सोमवारी माझी पाळी होती.

सोमवारी सकाळी फोरमन आली. मला परत न्यायला ती आधी रोपवाटिकेत गेली होती, तिथून तिला हा पत्ता मिळाला. हातात गाडीचं पुस्तक.

"हिरव्या दोन होत्या, ताई," भंगारवाला म्हणाला. "एक संपली. ही तुमची का ती तुमची, मला काय ठाऊक?"

तिने इंजिन पुसलं. इंजिन नंबर जुळला. भंगारवाला हसला. "इंजिन तर त्या माळ्याने पत्त्यांसारखं पिसलंय. मानेवरचा बघा."

तिने नखाने रंग खरवडला. चार, एक, सहा. पण आम्ही दोघी कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या, ते तीन आकडे त्या दुसरीचेही तेच होते. शेवटचा आकडा जाड रंगाखाली होता. तिचं नख तिथवर आलं आणि थांबलं.

"नेते मी हिला," ती म्हणाली.

मिस्त्रीच्या गॅरेजात मी सात आठवडे होते. दुकान बंद करून ती रोज दुपारी यायची. शिलाई मशीनचा हात, त्यामुळे एकही नट तिने ओरबाडला नाही. काढलेली प्रत्येक वस्तू वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. दुसरी टाकी मिळवली, सीट शिवली, ब्रेक नवे केले. बापाबद्दल थोडं थोडं मिस्त्रीला सांगत राहायची. सगळं केलं, फक्त मानेला हात लावला नाही. मिस्त्री आठवण करून द्यायचा, ती म्हणायची, "करू की."

पण आरटीओच्या साहेबांनी तपासणीला दिलेला गुरुवार जवळ आला. महिन्याअखेर तपासणी झाली नाही तर माझी नोंद कायमची रद्द होणार होती, आणि नंबर चुकला तर गाडी जप्त. मंगळवारी तिने थिनर आणि दात घासायचा ब्रश घेतला. हिरवा थर गेला, त्याखालचा काळा गेला.

तीन.

ती स्टुलावर बसली. मी मानेतून ओरडत होते, आठ आहे गं, आठ आहे, तूच शिंकलीस. लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येणार?

"म्हणजे बाबांची शनिवारी कापली," ती म्हणाली.

मिस्त्रीने छिन्नी उचलली. "ताई, इंजिन जुळतंय, पुस्तक तुमचं, तीन आकडे बरोबर. एकासाठी कशाला अडायचं? डावीकडे दोन घाव घातले की तिनाचा आठ. तुमच्या वडिलांना काय मान वाचता येते?"

"साहेबांना येते."

"वर तेल-माती चोळतो. जन्मापासून असल्यासारखा दिसेल."

ती एका डबीवरची चिठ्ठी सरळ करू लागली. मिस्त्रीने तेवढ्यावरून काय समजायचं ते समजून छिन्नी माझ्या मानेवर टेकवली. गार धार. माझ्या खऱ्या आठावर खोटा आठ ठोकला जाणार होता, आणि ताजा घाव पाहून तपासणारा मला चोर ठरवणार होता. हातोडी वर गेली.

"थांबा."

"काय झालं?"

"एकदा त्यांना न विचारता गाडी दिली. आता न विचारता गाडी बनवून देऊ?"

बुधवारी ती बापाला घेऊन आली. तारवाले काठी टेकत आले. केस पांढरे झालेले, एक पाय लंगडा.

"बोलावलंत, आलो," ते म्हणाले.

"बाबा, ही कदाचित तुमची नाही. शेवटचा आकडा तीन आहे. तसं असेल तर तुमची मी भंगारात घालवली. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं."

तारवाल्यांनी टाकीवर हात फिरवला. "टाकी माझी नाही." सीट दाबली. "हीही नाही." मिस्त्रीने तोंड फिरवलं. फोरमन जागची हलली नाही. मग तो हात माझ्या मानेवर आला. जुना, जाड अंगठा. चार, एक, सहा. शेवटच्या आकड्यावर तो थांबला, मागे आला, पुन्हा गेला. त्यांनी नख टेकवलं आणि दाबलं.

"मिस्त्री, स्टोव्ह आहे का?"

"आहे की. का?"

"हे लोखंड नाही. नख रुततंय." मग मुलीकडे न पाहता म्हणाले, "माझं डाख द्यायचं हत्यार दुकानात आहे ना?"

ती धावतच गेली आणि आली. त्यांनी हत्याराचं तांब्याचं टोक स्टोव्हवर तापवलं. मिस्त्रीने स्टूल दिलं, ते बसले नाहीत. वाकले. मानेपाशी सावली पडत होती.

"बॅटरी धर, फोरमन," ते म्हणाले. "आणि शिंकू नकोस."

"कोण शिंकतंय?" मिस्त्रीने विचारलं. बॅटरीचा उजेड एकदा हलला, आणि मग स्थिर झाला.

तापलेलं तांबं टेकलं. बराच वेळ काहीच होईना. माझं अंग जाड, लवकर तापत नाही. मग थेंब चमकला, सैल झाला. तारवाल्यांनी चिंधीने एकदाच पुसलं.

डावीकडच्या दोन्ही खाचा उघड्या पडल्या. कारखान्यातल्या घावाच्या, जशाच्या तशा.

गुरुवारी तपासणीच्या साहेबांनी पातळ कागद माझ्या मानेवर धरला आणि पेन्सिल घासली. आकडे एकेक करून कागदावर उमटले. ते शेवटच्या आकड्यावर अडले. खिशातून भिंग काढलं.

"हा आठ अर्धा उजळ का दिसतो?"

"डाखाचा थेंब पडला होता," तारवाले म्हणाले. "पुढचं आमच्या फोरमनला विचारा. तिला सगळं आठवतंय."

साहेबांनी भिंगातून पुन्हा पाहिलं, पुस्तकातला नंबर बोट ठेवून वाचला आणि सही केली.

आता मी तारवाल्यांच्या दारात उभी असते. चालवते फोरमन, मागे बसून तारवाले गिअर कधी टाकायचा ते सांगतात. टाकी माझी नाही, सीट माझी नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. कधी कधी त्या दुसरीची आठवण येते. तिच्या मानेवर शेवटचा आकडा कोणता होता, ते कुणी पाहिलंच नाही.

तुमच्या दारात, अंगणात, भिंतीला टेकून एखादी माझ्यासारखी असेल तर एवढं करा. कानस किंवा छिन्नी हातात घेण्याआधी तिच्या मानेवरून अंगठा फिरवा. सावकाश. आणि ज्याची गाडी आहे त्याला आधी विचारा.