पहिल्या जागेचा मान

मला पुढे चालायची सवय आहे. दुकानात खुर्ची पुढे, घरात शब्द पुढे. मागितलं मी कधीच नाही, लोकांनीच दिलं; मी फक्त नको म्हटलं नाही. म्हणून त्या सकाळी डोंगराच्या पायथ्याशी नातीने माझा हात धरून मला रांगेत सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. पोरीला वळण चांगलं लागलंय, एवढंच मनात आलं.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणतात. चालायला लागल्यापासून ती एका जागी टिकलेली कोणी पाहिलेली नाही. आमचा धंदा दप्तरं, पिशव्या, पाठीवरच्या सॅक शिवायचा. नवऱ्यामागे मी तो वाढवला, आणि माझ्यामागे माझ्या खुर्चीवर भिंगरीने बसावं हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. मुलगा म्हणजे गरीब गाय. सून कामाला वाघ, पण तोंड उघडायचं नाव नाही. गिऱ्हाइकाशी भांडायला तोंड लागतं, आणि ते माझ्यानंतर आमच्या घरात एकट्या भिंगरीलाच आहे.

तेवढ्यात एक बंबवाला आला, फाटके तंबू शिवून घ्यायला. आयुष्यभर आगी विझवून निवृत्त झालेला माणूस, आता शहरातल्या तरण्या मुलामुलींना डोंगरावर नेतो. दोर बांधायला शिकवतो, नकाशा वाचायला शिकवतो, आणि म्हणे पुढारीपण शिकवतो.

"पुढारी शिकवून होतात का?" मी त्याला विचारलं. "आमच्या गल्लीत न शिकता झालेले ढिगाने पडलेत."

"त्यांच्यामुळेच तर शिकवावं लागतं, ताई," तो म्हणाला.

तंबू शिवून गेले आणि त्यांच्यामागे भिंगरीही गेली. आधी सुट्टीच्या दिवशी, मग सुट्टी नसली तरी. शेवटी एक दिवस येऊन म्हणाली, "आजी, बंबवाले काका मला स्वतःची तुकडी देणार आहेत. पगारावर. एक चाचणी आहे, ती पार पडली की झालं."

"आणि नाही पडली तर?"

"तर तुझी खुर्ची."

"गुपचूप?"

"गुपचूप. पण तुला बरोबर यावं लागेल. चाचणीच्या तुकडीत एक माणूस घरचं लागतं. काका म्हणतात, परक्यांवर कोणीही हुकूम चालवतो, घरच्यांनी ऐकलं तर खरं."

मुलाला सुट्टी नव्हती, सुनेला कापड कापायचं होतं. गेले मी. आपला माल आपणच तपासलेला बरा.

तुकडीत सगळी शहरी पोरं. एक व्यायामशाळेत जाऊन फुगलेला, त्याला मी लगेच पैलवान म्हणायला लागले. एक चष्मेवाली, वकिली शिकणारी. बाकीचे दोघे-तिघे मोबाइलला रेंज शोधत हात वर करून उभे होते, जणू कोणी बंदूक दाखवलीय. बंबवाल्याने गळ्यातली शिटी काढून खिशात टाकली. "आज मी मुका. ही शिटी जिवावर बेतलं तरच वाजेल. बाकी सगळं हिचं."

आणि हिने काय केलं? मला पुढे उभं केलं आणि आपण जाऊन शेपटाला उभी राहिली.

"अगं, पुढारी आणि मागे?" मी ओरडले.

"मागून सगळे दिसतात, आजी. तू चाल तुझ्या चालीने. तुला ओलांडून कोणी जाणार नाही."

आता यात मला काय वावगं वाटणार? मी चालायला लागले. सकाळची हवा गार होती, वाट मऊ होती, आणि मागे अख्खी फौज. मी पैलवानाला नाडी बांधायला लावली. चष्मेवालीला पाणी घोटाघोटाने प्यायला सांगितलं. सगळी निमूट ऐकत होती. मनात म्हटलं, घ्या, पुढारीपण म्हणतात ते हे. याला काय शिकायचं असतं?

चढ लागला तसा माझा उजवा गुडघा बोलायला लागला. मी त्याला गप्प बसवलं. तो ऐकेना, तेव्हा मी झाडांचं कौतुक सुरू केलं. "बघा रे, काय झाड आहे!" म्हणून थांबायचं, दम घ्यायचा, पुढे निघायचं. मग दगडांचं कौतुक केलं. मग ढगांचं.

"आजी," पैलवान म्हणाला, "हे झाड मघाच्यासारखंच आहे."

"तू पण मघाच्यासारखाच आहेस. तुला पाहिलंच ना मी परत?"

सगळी हसली. पण जरा पुढे गेल्यावर तो हळूच पुटपुटला. कान माझे अजून शाबूत आहेत. "सगळ्यात हळू माणसाला पुढे ठेवायचं, हा नियम कोणी काढला यार?"

"गप रे," चष्मेवाली म्हणाली. "मागे ठेवलं तर ते मागेच राहतात."

माझे पाय चालत होते, पण डोकं तिथेच थांबलं. म्हणजे मान नव्हता हा. मी म्हणजे गाडीला लावलेला ब्रेक!

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी अशी काही सुटले की पैलवानाच्या नाकातून वाफ निघाली. दोन वळणं मी जवळजवळ धावतच घेतली. तिसऱ्या वळणावर पाय टाकला आणि गुडघ्यातून कळ थेट कमरेत गेली. ओठ दाबून मी दगडाला टेकले, जणू पुन्हा ढगच बघायचे होते.

"सगळे थांबा," मागून आवाज आला. भिंगरी वर आली, माझ्यासमोर बसली आणि काही न विचारता पायावरचं कापड वर सारलं. गुडघा भाकरीसारखा फुगला होता.

माथा समोर दिसत होता. वर कोणीतरी रोवलेला खांबही दिसत होता.

पैलवान म्हणाला, "एकजण आजींपाशी थांबू दे. बाकीचे पटकन जाऊन येऊ. इतक्या जवळ येऊन परतायचं?"

एक सांगते. मी नुसती बसून राहिले असते तर काम फत्ते होतं. पोरगी माथ्यावर पोचत नाही, चाचणी गेली, खुर्चीला माणूस मिळालं. पण माझ्यामुळे माझी नात हरली असं कोणी म्हणावं? मी उठले.

"काही झालेलं नाही मला. चला."

"आजी, बस."

"मला बस म्हणतेस?"

"घरात मी तुझं ऐकते. इथे मी सांगेन ते. बस."

आवाज चढवला नाही तिने. तेच वाईट. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. त्यात मला हरवणारं अजून जन्मायचंय. मी बसले.

मग ती बाकीच्यांकडे वळली. "तुकडी मोडायची नाही, म्हणून वर जायचं नाही. चूक माझी आहे. आजीची चाल वाढली तेव्हाच मी थांबवायला हवं होतं. ज्याला राग आलाय त्याने इथेच बोलून घ्यावं, उतरताना धुसफूस नको."

पैलवान बोलला. बराच बोलला. तिने मध्ये न तोडता ऐकलं, आणि तो संपल्यावर म्हणाली, "बरोबर आहे तुझं. आता आजीच्या पुढे तू. तिचा हात तुझ्या खांद्यावर. तिची चाल ती तुझी चाल."

बंबवाला बाजूला उभा राहून संत्रं सोलत होता. मुका तो मुकाच.

भिंगरीने गुडघ्याला पट्टी बांधली. उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. पैलवानाचा खांदा मात्र बरा निघाला. मध्येच म्हणाला, "आजी, झाड बघायचंय का?" मी त्याला एक टपली मारली आणि झाड बघितलं.

पायथ्याशी सगळी गोल करून बसली. भिंगरीने माझा पाय आपल्या सॅकवर ठेवला. आमच्याच दुकानातली सॅक, मीच टाके घातलेली. तिने कोणाकडे बघितलं नाही. आपण हरलो, असंच ती धरून चालली होती. मी जिंकले होते, आणि तोंडात चव नव्हती.

बंबवाल्याने खिशातून शिटी काढली. "आमच्याकडे निकाल मी देत नाही. सगळ्यात हळू चाललेलं माणूस देतं. भरभर चालणाऱ्याला कुठलाही पुढारी चालतो. तो बरा की वाईट हे मागे पडणाऱ्यालाच कळतं. तर, आज सगळ्यात हळू कोण होतं?"

सगळी आपापले बूट बघायला लागली. शेवटी पैलवान खाकरला. "मी असेन बहुतेक."

बघा पोराला! मला वाचवायला निघाला होता. आणि मला वाचणं सोपं होतं. त्याने 'नापास' म्हटलं असतं तर खुर्चीही मिळाली असती, नाकही राहिलं असतं.

"खोटं बोलायलाही अक्कल लागते रे," मी म्हणाले. "सगळ्यात हळू मी होते."

घसा खाकरून घेतला. बोलायचं तर नीट बोलायचं.

"या पोरीने मला चारचौघांत बस म्हटलं. माझ्या नवऱ्याची उभ्या जन्मात ती छाती झाली नाही. आणि मी बसले. याहून मोठा डोंगर तुमच्याकडे असेल तर दाखवा, नाहीतर ती शिटी द्या तिला."

भिंगरीने शिटी घेतली, गळ्यात घातली, आणि रडायच्या ऐवजी माझ्या गुडघ्याची पट्टी परत बांधायला घेतली. जरुरीपेक्षा घट्ट बांधली.

आता ती दर आठवड्याला नवी पोरं घेऊन जाते. खुर्चीवर मीच आहे, आणि सुनेला भांडायला शिकवतेय. कालच तिने एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं, मग आत जाऊन पाणी प्याली. माझी धाकटी जाऊही दुकानात शिवते; तिचं मशिन इतकी वर्षं मागच्या कोपऱ्यात होतं. तिचा हात मुळात संथ, तिच्यापाशी माल तुंबायचा आणि सगळ्यांना कळायचं संध्याकाळी. ते मशिन मी उचलून रांगेत पुढे आणलं, माझ्या डोळ्यासमोर. आता माल तुंबत नाही.

जाऊबाई खूश आहे. तिला वाटतं, मान दिला. मी काही सांगितलेलं नाही.