येसराची चव

आशाबाईंच्या जिभेची आग गेल्या शिमग्यापासून विझली नव्हती. सकाळी उठताना तोंड गार असे. चहा झाला की जिभेचं टोक चरचरू लागे, आणि दिवेलागणीपर्यंत ओठांपासून टाळूपर्यंत तव्यावरची भाकरी कुणी तशीच तोंडात कोंबल्यागत होई. आरशात मात्र जीभ गुलाबी, साफ. ना फोड, ना चट्टा.

"आई, चोरून मिश्री लावता का परत?" सून दीपमालानं विचारलं. मिश्री सुटून कैक वर्षं झाली होती. मग उष्णता म्हणून सब्जा झाला, गुलकंद झाला. शेवटी मुलगा सुदर्शन त्यांना शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

रक्त, तोंड, सगळं तपासून बाई म्हणाल्या, "आजी, आग खरी आहे. पण दुखणं जिभेवर नाही, नसांमध्ये आहे. कॅन्सर वगैरे काही नाही. गोळी हळूहळू लागू पडेल. बर्फाचा खडा चघळा, तिखट-आंबट कमी करा, झोंबणारी टूथपेस्ट बंद."

"जाईल का पण?"

"काहींची जाते. काहींना तिच्यासंगं राहायला शिकावं लागतं."

बाहेर येऊन सुदर्शननं घरी फोन लावला. "काय नाय निघालं. देवाची किरपा."

तेवढंच फुलंब्रीच्या भावकीत पोचलं. काही निघालं नाही म्हणजे आशाबाई धडधाकट. मग नात श्रेयाच्या लग्नाचा येसर त्यांच्याचकडे आला.

लग्नातल्या आमटीचा हा मसाला. त्यांच्या घरात रीत अशी, की आधी थोडा येसर भाजून-कुटून वाटीभर आमटी करायची, थोरल्या बाईनं चाखायची, तिनं 'व्हय' म्हटलं की बाकीचं दळायला जायचं. सासूबाईंनी हा मान त्यांना दिला, तेव्हा त्या ऐन पंचविशीत होत्या. उखळाभोवती साऱ्या आळीच्या बायका, डाळ भाजल्याचा खमंग वास वेशीपर्यंत. धने जुने असले तर आशाबाईंना एका थेंबात कळायचं. पाव्हणे आमटी भुरकून विचारायचे, "थोरलीच्या हातची का?"

मांडवाच्या आदल्या दिवशी घरामागं चूल पेटली. धाकट्या जाऊबाई गयाबाईंनी वाटी पुढं केली. आशाबाईंनी तोंडातला बर्फ गिळला आणि घोट घेतला. आधी काहीच कळलं नाही. मग नुसती आग, आणि आगीमागं तांब्याची कडवट चव.

"मीठ कमी हाय," त्या अंदाजानं म्हणाल्या.

मीठ पडलं. पुन्हा घोट. "अजून जरा."

"अक्का, आमटी करायची का समिंदर?" गयाबाई म्हणाल्या. बायका खिदळल्या. गयाबाईंनी स्वतः चाखलं आणि बाजूला जाऊन थुंकल्या. हसणं थांबलं.

"मला चव येत नाय," आशाबाई म्हणाल्या. "तोंडात नुसता जाळ हाय गं."

"डाक्टरनं तर काय नाय म्हणलं!"

"वय झालं, आई. व्हायचंच," दीपमाला मऊ आवाजात म्हणाली. "धुरात बसू नका. आत पडा जरा."

पळी गयाबाईंच्या हाती गेली. ती कुणी मागितली नव्हती, कुणी दिलीही नव्हती.

आत पलंगावर बसून आशाबाई ऐकत राहिल्या. डाळ पुन्हा तडतडली, उखळात मुसळ पडू लागलं. जिभेची आग त्यांनी दातांशी घट्ट दाबून धरली. सासूबाई असत्या तर निदान म्हणाल्या असत्या, की दाखव बघू तोंड. पण दाखवायला तरी काय होतं?

बाहेर गयाबाईंचा आवाज आला, "आता बराबर!"

थोड्या वेळानं श्रेया वाटी घेऊन आली. हळदीचे हात, डोळ्यांत मायेचा हट्ट. "आजी, तू व्हय म्हटल्याशिवाय दळायला पाठवू नका असं सांगून आले मी. बघ ना, जमलीय का?"

चमचा ओठांना लागायच्या आतच आशाबाई म्हणाल्या, "व्हय बाई. अगदी आपल्या घरची झाली."

"आजी व्हय म्हणाली!" श्रेया ओरडत बाहेर पळाली.