सात पानांचा कबुलीजबाब

कुमुदिनीची, म्हणजे माझ्या बायकोची, दृष्टी जाऊन दोन वर्षं झाली होती. हळूहळू झोपही उलटी झाली. रात्रभर जागी, सकाळी गाढ झोपेत. रविवारी मी पोहे-जिलबी घेऊन यायचो तेव्हा ती घोरत असायची. चाळीस वर्षं आम्ही ते पोहे जोडीनं खाल्ले. आता एकट्यानं खायचे, आणि तिच्या वाटणीची जिलबीही. दुःखाचा तेवढाच फायदा.

मी निवृत्त ग्रंथपाल. संकट आलं की लोक देवाकडे जातात, मी कपाटाकडे. एका पुस्तकात सापडलं: डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन नावाचं एक प्रथिन असतं. ते चित्र दाखवत नाही. बाहेर उजेड आहे एवढंच मेंदूला कळवतं, आणि त्यावर शरीराचं घड्याळ चालतं. कुमुदिनीच्या आजारात दृष्टी गेली तरी ते बहुधा शाबूत राहतं.

मी पुस्तक मिटलं. तिच्या डोळ्यांवर दिवसभर असायचा तो काळाकुट्ट चष्मा मीच आणला होता. प्रखर उजेड पडद्याला घातक, असं दुसऱ्या एका पुस्तकात वाचून.

पलासिया भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टर विनीता त्यांच्या अर्ध्या हिंदीत म्हणाल्या, "काका, घरात काळा चष्मा? किसने बोला?"

"एका पुस्तकानं," मी म्हणालो.

"रोज सकाळी अर्धा तास उजेडात बसवा, बिना चष्म्याचं. सूर्याकडे तोंड नको. दोन-तीन हफ्ते देखते हैं."

घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं. मी सात पानांचं टिपण लिहिलं. सुरुवात माशांपासून केली आणि कबुली शेवटच्या पानावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती चहा पीत असताना वाचायला बसलो.

"चिमणीच्या मेंदूतही असं प्रथिन असतं. कवटीतून झिरपणाऱ्या उजेडावरून तिला ऋतू कळतो..."

"म्हणजे चिमणीला डोक्यानं दिसतं?"

"दिसत नाही. कळतं."

"आणि तुमच्या डोक्याला?"

"माणसाला त्यासाठी डोळेच लागतात."

"अहो, तुम्ही मासे-बेडकांपासून सुरू केलं की घरात काहीतरी फुटलेलं असतं. काय फोडलंत?"

मी सातवं पान वाचलं. आवाज इतका बारीक झाला की तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "माझे डोळे तुम्हाला बघवत नाहीत, म्हणून हा चष्मा आणलात."

याचं उत्तर टिपणात नव्हतं. मी कागद उलटूनही पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"मला बघायचेत," मी म्हणालो. एकाहत्तराव्या वर्षी, कागदाशिवाय बोललेलं माझं पहिलं वाक्य असावं.

तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी तो पुसत बसलो.

पहिले दोन आठवडे ती गॅलरीत जांभया देत बसे आणि मला प्रथिनांसकट शिव्या घाले. तिसऱ्या रविवारी पोहे घेऊन आलो तेव्हा दार तिनंच उघडलं. केस विंचरलेले, डोळे उघडे.

"आज माझी जिलबी मला द्या," ती म्हणाली. "दोन वर्षं खाताय, मला माहीत आहे."

वाटेत मी एक खाल्ली होती. ते सांगायला किती पानं लागतील, याचा विचार करत मी पुडा सोडला.