फोन गप्प बसला

नातीचा पहिला दात पडला त्या वर्षीची गोष्ट. मुलगा आणि सून एकाच कंपनीत. तो गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप लिहायचा. ती टेस्टर, म्हणजे ते वापरून चुका काढायची. आणि दोघांचं भांडण माझ्या स्वयंपाकघरात.

"मला तुझा कोड वाचू दे, ॲपच्या आत काय लिहिलंयस ते," सून म्हणायची.

"वाचलास की माझ्यासारखाच विचार करशील. मला बाहेरची नजर हवी."

"बाहेरून दार दिसतं. आतून कडी घातलीय का, ते नाही दिसत."

"मग कोडच लिही ना! टेस्टर कशाला राहतेस?"

माझं डोकं उठायचं. एकदा म्हटलं, "अरे, मी साठीत अक्षरं शिकले. वाचता यायला लागलं म्हणून माझे डोळे गेले का?"

"आई, तुला नाही कळायचं."

झालं! मी म्हातारी, बसा कोपऱ्यात.

ते ॲप त्याने यजमानांच्या फोनवर घातलं, कारण हे रक्तदाबाची गोळी विसरायचे. फोन वाजला की गोळी घ्यायची आणि 'घेतली' हे बटण दाबायचं. हे गोळी घेत, पण बटण दाबतील तर शपथ.

"गोळी पोटात गेली ना? मग फोनला कशाला सांगू? तो काय माझी सासू लागतो?"

काही दिवसांनी फोन वाजेनासा झाला. फोन गप्प, म्हणून हेही गप्प. न्हाणीघरात चक्कर येऊन पडले तेव्हा मी पाहिलं, तर गोळ्यांची पट्टी तशीच.

मुलगा सुनेवर उखडला. "तू तपासलं होतंस ना?"

"एक दिवस बटण न दाबता पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वाजला. आता तरी कोड दाखव."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. थोड्या वेळाने तिने एका ओळीवर बोट ठेवलं. सलग तीनदा बटण दाबलं नाही, तर औषध बंद झालं असं धरायचं आणि आठवण थांबवायची.

"ही चूक नाही," मुलगा म्हणाला. "मुद्दाम लिहिलंय. औषध संपल्यावरही फोन वाजत राहिला तर लोक वैतागतात."

"आणि बाबा?"

"त्यांनी बटण दाबायला हवं होतं!"

मी पातेलं आपटलं. "उभ्या जन्मात त्यांनी माझं ऐकलं नाही, तुझ्या बटणाचं ऐकतील?"

ती ओळ त्याने काढली. तेव्हापासून सून त्याचा कोड वाचते. तो कुरकुरतो, "आता तुला माझ्या चुकाच दिसतात."

"आधीही दिसायच्या. फक्त घरातल्या."

वाद काही मिटलेला नाही.

माझे यजमान पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशीची गोळी घेतलेली होती.