मी मंद नव्हती

पैनगंगेची शपथ, माझ्या पोटातल्या हवेची शपथ! मी जे सांगून राह्यली त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याले खोटं वाटीन त्यानं आत्ताच उठून घरी जावं.

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बोट आहे. हवा भरली की फुगते, हवा सोडली की सतरंजीसारखी घडी होते. रंग माझा संत्र्याचा होता, आता उन्हानं वाळल्या सालीचा झाला. माझ्या मागच्या फळीवर पंधरा घोड्यांच्या ताकदीचं इंजिन बसे. पंधरा घोडे! अन् तरी सारं गाव मले मंद म्हणते.

दूर समुद्राकाठच्या कारखान्यात मले चिकटवलं, फुगवलं, साबणाचं पाणी लावून भोकं शोधली. एक नाही सापडलं. मग ट्रकात टाकून पांढरकवड्यापर्यंत आणलं. ढाब्यावर ड्रायव्हरनं माझी घडी उशाशी घेतली अन् असा झोपला, की त्याच्या अंगावर चिमण्यांनी घरटं बांधलं. हेही खरंच आहे.

जिल्ह्याच्या पार टोकाले, पैनगंगेच्या काठी एक गाव आहे. आधीच्या पुरानं तिथं लई नासधूस केलती, म्हणून मले त्या गावच्या बचाव पथकाले देलं. आली तेव्हा काय माझं कौतुक! बायांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, नाकाले लिंबू-मिरची बांधली. बोट कशी चालवाची ते शिकवाले एक साहेब आले. दोन दिवस साऱ्यांनी माझ्यासंग फोटो काढले. शिकली एकटी कोकिळा.

कोकिळा म्हणजे गावालगतच्या बंजारा तांड्यातली कापूस वेचणारी बाई. साहेबांचं बोलणं तिनं कानानं नाही, बोटानं ऐकलं. माझी हवा इतकी कडक पाह्यजे, की टिचकी मारली तर डफासारखी वाजली पाह्यजे. ढिली राह्यली तर मी पाण्यात मधातून वाकते अन् ओढल्यासारखी चालते. इंजिनचा पंखा लई खोल नको. अन् निघताना वजन समोर, नाकाकडे. तसं केलं की मी पाणी ढकलत बसत नाही, पाण्यावर चढते. एकदा चढली की मग पळते. त्या दिवशी कोकिळानं मले अशी पळवली, की उडते बगळे मागं राह्यले.

पण पथकाचा प्रमुख होता डोमाजी. भला माणूस. सारी उमर बैलगाडी हाकली. त्याच्या बैलाच्या मानेवर कधी सूज आली नाही, कारण गाडीत माल भरताना तो वजन मागं सरकवे. समोर वजन झालं तर जू बैलाच्या मानेवर बसते ना! त्यानं मले पाह्यलं, अन् माझं नाक त्याले बैलाची मान वाटली. मंग उन्हाळा आला. उन्हात सायकलची ट्यूब फुटते, म्हणून त्यानं माझीही हवा कमी केली. सारं मायेनं केलं, मित्रांनो. मायेनं झालेल्या चुकीले कोणी रागवत नाही, तेच वाईट.

मग माझे दिवस फिरले. दोन वर्षं पूर आला नाही. माझ्यात कोणी तूर वाळवली. एका लग्नात मले ट्रॉलीवर चढवून नवरदेवाले माझ्यात बसवलं, तो वरातीभर वल्हं मारत होता. उंदरांनी इंजिनच्या झाकणात संसार मांडला. हवा मोजाचा काटा डब्यातून बाहेर निघालाच नाही. कोकिळा दोनदा सांगाले आली. पूर आल्यावर पाहू म्हणून तिले वाटेले लावलं.

मग पूर आला. सकाळची येळ होती. सुखीबाई म्हणजे तांड्यातली म्हातारी, सारे तिले याडी म्हणत, याडी म्हणजे माय. ती शेतातल्या गोठ्यावर बकऱ्यापाशी झोपाले गेलती. नाल्याचं अन् नदीचं पाणी एक झालं, अन् ती गोठ्याच्या टिनावर चढून बसली. कापूस वेचताना तिची पात, म्हणजे वेचाची ओळ, अन् कोकिळाची पात बाजूबाजूनं चाले. म्हणून तिनं फोन केला तो कोकिळाले. गोठ्याची एक भिंत पडली म्हणे.

मले पाण्यात टाकलं. थंड पाणी लागताच माझी उरलीसुरली हवा अजून आखडली. कोकिळा नाकाकडे सरकली, तं डोमाजीनं तिले थांबवलं.

"समोर कोणी नाही बसाचं. सारे मागं, माझ्यापाशी या."

"काका, साहेबानं वजन समोर सांगतलं होतं."

"साहेबानं कधी गाडी हाकली का वं? समोर बसशीन तं तिची मान दबीन."

वडीलधारा माणूस. कोकिळा मागं सरकली. इंजिनपाशी चौघं जण दाटीवाटीनं बसले, अन् माझं नाक आभाळाले लागलं. शेपूट बुडालं. मी डोंगराएवढं पाणी ढकलून राह्यली होती, मधात गादीसारखी वाकून. आवाज विमानाचा, चाल म्हशीची. नदीच्या धारेत गेलो तं जागच्या जागीच. काठावरचं निंबाचं झाड माझ्यासमोरून हलेच ना. अर्धा घंटा पंधराही घोडे रडले, मग आम्ही माघारी फिरलो.

काठाले लागताच कोकिळानं कोणाले विचारलं नाही. पायपंप काढला अन् धापा टाकत हवा भरू लागली. टिचकी मारली. पुन्हा भरली. मी डफासारखी वाजली तेव्हाच थांबली. डोमाजी म्हणे फुटीन. ती म्हणाली, "फुटू द्या. इथं फुटली तं माघारी येऊ शकतो. याडी नाही येऊ शकत."

या वेळी ती नाकावर पालथी पडली. दोघांले मधात बसवलं. इंजिनपाशी एकटा डोमाजी. अन् मी चढली, मित्रांनो! पाण्यावर चढली, सपाट झाली, हलकी झाली. माझ्या वाऱ्यानं काठावरच्या माणसांच्या टोप्या उडून पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाले, नेरच्या बाजारात पडल्या. जी धार अर्ध्या घंट्यात कापली नव्हती ती मी चार मिनिटांत कापली.

गोठ्याच्या टिनावर सुखीबाई बसली होती. पान चघळत. आम्हाले पाहून म्हणाली, "इतका येळ काहून लागला रे? माह्या बकऱ्या भिजल्या." साऱ्यायले हासू आलं. तिले हाताले धरून उतरवलं अन् घरी आणलं.

पुढं कागदावर लिहिलं गेलं की बोट जुनी अन् मंद होती, म्हणून उशीर झाला. इंजिन काढून नेलं. मी आता खताच्या पोत्यांखाली पडून आहे. तुमच्या गावात माझ्यासारखी कोणी असंन, तर तिले पूर यायच्या आधी पाण्यात नेत जा. हवा टिचकी मारून पाहा. अन् जिनं शिकून घेतलं तिले चालवू द्या, मग ती बाई असो का लेकरू.

आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबूल करते. एवढी एकच गोष्ट मी मनची रचून सांगतली. टिनावर सुखीबाई नव्हती. दोन बकऱ्या होत्या, तिच्याच लुगड्याच्या पट्टीनं टिनाच्या कडीले पक्क्या बांधलेल्या. कोकिळानं गाठी सोडल्या, त्यातच किती येळ गेला. परत येताना इंजिन दुसऱ्याच्या हाती देऊन डोमाजी स्वतःहून नाकावर जाऊन बसला. मी लई जोरात पळाली.

घाई कोणालेच नव्हती.