बंकटच्या ज्वारीतली वाट

आष्टीकडच्या डोंगरालगतच्या वस्तीवर गहिनीनाथ आणि शेजारच्या रानातला बंकट यांचं बांधावरून बिनसलं, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. अगदीच नड आली तर गहिनीनाथ आपल्या बैलाला सांगायचा आणि बंकट आपल्या म्हशीला. ज्यानं ऐकायचं तो ऐकायचा, आणि दोघांचाही ताठा शाबूत राहायचा.

यंदा नड मोठी होती. गहिनीनाथचा मुलगा युवराज ऊसतोडीला गेलेला आणि सून मनिषाचे दिवस भरत आलेले. मागच्या खेपेला तिला बाजेवर घालून ओढ्यातून सडकेपर्यंत नेलं होतं. उशीर झाला, लेकरू हाती लागलं नाही. दारापर्यंत गाडी आणायची तर वाट एकच, बंकटच्या रानातून. आणि तिथं डोक्याच्या वर गेलेली ज्वारी हुरड्यात आलेली.

"सरळ तोंडानं सांगा की त्यास्नी," मंजुळाबाई रोज नवऱ्याला म्हणायची. गहिनीनाथ रोज बांधापर्यंत जायचा आणि घसा खाकरून माघारी यायचा. माणूस लाखातला, पण हट्टाला तोड नाही.

शेवटी एका सकाळी, पलीकडे बंकटची चाहूल लागताच, त्यानं बांधाशी उभं राहून बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "पाखऱ्या, सून अवघडलीय. गाडी दारात न्हाई आली अन् मागल्यावानी झालं, तर युवराजला काय तोंड दावू?"

पलीकडून म्हशीला कुणी काही सांगितलं नाही. दोन दिवस गेले, तरी नाही. गहिनीनाथला ते फार लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मनिषाला कळा सुरू झाल्या. फोन केला तर सरकारी गाडीवाला सडकेपर्यंत येतो म्हणाला. आता बंकटचे पाय धरायचे, असं ठरवून गहिनीनाथ पळत सुटला आणि बांधावर थबकला. बंकटनं दोन दिवस सडकेकडून ज्वारी कापत आणली होती, कणसांसकट, गाडी जाईल एवढी रुंद. उभ्या पिकाआड ते इकडून दिसलंच नव्हतं. आता तो कुदळीनं बांध फोडत होता.

"बघत काय बसलास? पोरीला तयार कर," बंकट वर न बघता म्हणाला.

दुपारी दवाखान्यात मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. गहिनीनाथनं युवराजला फोन लावला. मग तो तसाच सोबत आलेल्या बंकटच्या हातात दिला.

"पोरगी झाली बे तुला," बंकट म्हणाला. "दोघी बऱ्या हायत. तुझा बाप लई रडायलाय, म्हणून मी बोलतोय."